आधी मोजा की रे!

डोकं फिरलंय नुसतं. गाडी २००६ ची, पेट्रोल, चार सिलेंडर, एमपीएफआय म्हणजे कार्बोरेटर नाही, प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर. कंपनीचं नाव सांगत नाही कारण त्यात गाडीचा काही दोष नाहीच, एवढ्या वर्षांत तिनं कधी रस्त्यात सोडलं नाही. आयडलला मस्त, बेळगावात टिळकवाडी ते कॅम्प ते शहापूर दिवसभर फिरवा काही तक्रार नाही. पण तिसऱ्या गिअरला एक्सलेटर तळापर्यंत दाबला की बसलीच. आधी काहीच होत नाही, मग एक गचका, मग जरा ओढल्यासारखं करते, परत गुदमरते. आणि पाय अर्धा उचलला की लगेच बरी होऊन पळायला लागते! जांबोटीच्या रस्त्यावर टेम्पोला ओव्हरटेक करायला बाहेर काढली, समोरनं बस येऊलीय, पूर्ण दाबलं आणि गाडीनं मान टाकली, बायको शेजारी बसून देवाचं नाव घ्यायला लागली. ही काय छोटी तक्रार हाय काय?

आता यात शोधायला असं काय मोठं रॉकेट आहे सांगा. हलक्या पायावर चांगली चालते आणि लोडवरच मरते म्हणजे लोडवर काहीतरी कमी पडतंय. पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर स्पार्क मरतोय, नाहीतर हवा आत येताना किंवा धूर बाहेर जाताना कुठंतरी अडकतंय, नाहीतर एखादा सेन्सर पाय किती दाबलाय तेच नीट सांगत नाही. संपलं. चार दारं आहेत, चारी वाजवून बघा, जे उघडेल ते. पण नाही. आमच्या गॅरेजवाल्यांचं एकच शास्त्र, बदलून बघू. १९५६ पासून इथं दोन राज्यांचा वाद चाललाय, गाव कुणाचं पाटी कुठल्या भाषेत यावर कधी एकमत झालं नाही, पण या एका बाबतीत अलीकडचे पलीकडचे सगळे एक! बेळगावात "चेंज माडोण सर", हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला गेलं तर "बदलूनच टाकू या साहेब". खिसा माझाच.

पहिल्यानं प्लग बदलले. ते ठीक, त्याला मी काही म्हणणार नाही, स्वस्त असतात आणि सिलेंडरमधला दाब वाढला की स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून कमजोर प्लग, वायर, कॉइल लोडवरच उघडी पडतात. पण बाबा, जुने प्लग काढलास तर बघ तरी त्यांच्याकडं! चारी एकसारखे, गॅप बरोबर, रंग बरोबर. अंधारात गाडी चालू ठेवून प्लग वायरींवर पाण्याचा फवारा मारला तरी लिकेज असेल तर ठिणग्या दिसतात, याला पैसे लागत नाहीत. ते नाही केलं. वायरी पण बदलल्या. मग ट्रायल घ्यायला गेला कुठं, तर आरपीडी क्रॉसपर्यंत, सेकंड गिअरला, गर्दीत, आणि येऊन सांगतोय "एनू इल्ला सर, फर्स्ट क्लास", म्हणजे काही नाही म्हणे. अरे मी तुला सांगितलं काय, पूर्ण दाबल्यावर होतंय, आणि तू आरपीडीच्या गर्दीत कुणाच्या अंगावर पूर्ण दाबणार होतास?

दुसरा जरा हायफाय. एसी केबिन, लॅपटॉप, स्कॅनर. लावला, म्हणाला एकही फॉल्ट कोड नाही, गाडीत फॉल्टच नाही. आता डोक्यात जाणारी गोष्ट इथं आहे. आपल्या देशात ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून कोड ठेवायची सिस्टिम, सक्तीची झाली तीच २०१० ला, ओबीडी टू तर २०१३ ला, माझी गाडी त्याच्या आधीची, तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बोलतोच मोजकं. आणि या असल्या गाडीत पेट्रोलच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, प्रेशर सेन्सरच नसतो, ईसीयू धरून चालतो की प्रेशर बरोबर आहे. ते कमी झालं तर त्याला कोण सांगणार? कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही असं नसतंय. तरी यानं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलायला सांगितला. पूर्ण दाबल्यावर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या हिशोबानं जास्त पेट्रोल मारतो, मग त्याचा इथं संबंध काय? विचारलं तर तोंड वाकडं करून म्हणतो सर तुम्ही इंजिनिअर आहात काय. नाही बाबा, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलंय माझं.

आणि तेच तर सगळ्यात जास्त झोंबतंय. हे उद्यमबागवालं गाव आहे! इथं हायड्रॉलिक पंप बनतात, व्हॉल्व बनतात, टेस्ट बेंचवर दाब लावून, गेज बघून, मगच माल बाहेर जातो. शंभरातला एक भाग इकडं तिकडं झाला तर पीस रिजेक्ट करून तोंडावर मारतात. आणि त्याच गावात, तिथनं हाकेच्या अंतरावर, गॅरेजात तीन बारचं पेट्रोल प्रेशर मोजायचं साधं गेज कुणाकडं नाही? ताप आलाय म्हटल्यावर थर्मामीटर न लावता थेट किडनी बदलायला काढल्यासारखं आहे हे.

मधल्या काळात फुकटचे सल्ले वेगळेच. "इथेनॉलमुळे होतंय, ई ट्वेंटी हो, वीस टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांची वाट लागली." मान्य, आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आमच्याच टाकीत येतंय, त्यात पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, अॅव्हरेज थोडं पडणार, जुने रबर होज पण खराब होऊ शकतात, टाकीतली जुनी घाण सुटून पंपाच्या जाळीत बसू शकते. पण मग जाळी बघा, होज बघा! नुसतं इथेनॉल म्हणून हात झटकायचे हा कुठला न्याय. दुसरा सल्ला, विकून टाक. आत्ताच पासिंग करून घेतलंय पाच वर्षांचं, रिन्यूअलची फी भरून, ती काय भंगारवाला देणार हाय?

तिसऱ्यानं फ्युएल फिल्टर बदलला आणि पेट्रोल पंप पण बदलला. म्हटलं चला निदान बरोबर दाराशी आला. पण फरक शून्य. यावर त्याचं लॉजिक ऐका, "पंप नवीन टाकला तरी होतंय म्हणजे पेट्रोलचा प्रॉब्लेम नाही, सायलेन्सर जाम असेल, नाहीतर क्लच प्लेट गेली असेल." क्लच गेला तर आरपीएम वर जातो आणि गाडी जात नाही, माझा आरपीएमच चढत नव्हता! सायलेन्सर बघायचा तर व्हॅक्यूम गेज लाव, अडीच हजार आरपीएमवर धरून ठेव, काटा हळूहळू पडत गेला तर आत अडकलंय. ते पण गेज नाहीच म्हणा.

शेवटी शहापुरात एक म्हातारा वायरमन भेटला, त्याच्या दुकानात धड बोर्ड पण नाही. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. गचका एकदम बसतोय की गाडी हळूहळू मरतेय? दाबून धरलं तर वाढतंय काय? मी सांगितलं, दाबून धरीन तेवढं जास्त मरते. म्हणाला मग स्पार्कपेक्षा पेट्रोलकडं बघू. आणि कपाटातनं काढलं की गेज! पेट्रोलला चालणारा होज, नीट क्लॅम्प, गेज बाहेरनं काचेवर वायपरखाली बांधलं, अग्निशामक डबा शेजारी, आणि चला वंटमुरी घाटाला. उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या मागनं निघालो, चढाला तिसऱ्यात पूर्ण दाबलं आणि काटा माझ्या डोळ्यादेखत तीनवरनं दोनच्या खाली आला. तिथं गाडी गुदमरली. पाय उचलला, काटा वर. एवढंच! एवढ्यासाठी किती महिने लोकांनी मला फिरवलं.

मग नवीन पंप असून दाब का पडतोय म्हणून मागची सीट उचलली, पंप चालू ठेवून त्याच्या वायरीच्या जोडावर मल्टिमीटर लावला. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, पंपावर जेमतेम अकरा. वायर आणि अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा पडलेला. व्होल्टेज कमी म्हणजे पंप मंद फिरणार, हलक्या पायावर तेवढं पेट्रोल पुरतं, जादाचं टाकीत परत पण जातं, पूर्ण दाबल्यावर मात्र पुरत नाही. असल्या वायरीवर दहा नवीन पंप टाका, दहाही मंदच फिरणार. पॉलिश पेपर, नवीन वायर, नवीन टर्मिनल, झालं काम. घाटात परत दाबून बघितलं, काटा हलला नाही, गाडी अशी उचलली की म्हातारा म्हणाला हळू.

त्यानं पैसे किती घेतले माहिताय? माझ्या प्लगच्या बिलापेक्षा कमी.

काल त्या तिसऱ्याकडं गेलो, म्हटलं माझा जुना पंप दे, तो चांगला होता, डिकीत ठेवतो. म्हणाला भंगारात गेला की सर तवाच. वर हसत हसत म्हणतोय, बरं झालं की नवीन बसला, आणि वायरिंग बघा म्हणून मीच बोललो होतो तुम्हाला, आठवतंय काय?