उत्तर: बिलाखालचा ‘13’ कुठून येत होता

नमस्कार काका. हे बिलिंग सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, म्हणून उत्तरही मीच देतो. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की बिलाखाली मधूनच ‘13’ छापून येतं, गिऱ्हाईक ‘हे तेरा रुपये कसले?’ म्हणून हुज्जत घालतं, आणि आमच्या सपोर्टच्या मुलाने ‘प्रिंटरची केबल बदला’ सांगून तुम्हाला वाटेला लावलं. सगळं खरं आहे. केबल चांगली होती.

शोधायला इतके दिवस का लागले? एखादा शब्द छापला असता तर कोडमध्ये पाच मिनिटांत सापडला असता. नुसता आकडा कुठे शोधणार? तो कोडमध्ये लिहिलेलाच नसतो, प्रोग्राम चालताना तयार होतो. ऑफिसात तर तो एकदाही येईना, कारण आम्ही चाचणीला बिस्किटाचे पुडेच स्कॅन करत होतो. शेवटी लालबागला तुमच्या काउंटरमागे उभा राहिलो तेव्हा दिसलं: पाव किलो चकली घेतली की 13, चकली आणि शेव घेतली की दोनदा 13, पुड्याला काहीच नाही. म्हणजे भानगड काट्याच्या लेबलची, सुटा माल तोलल्यावर वजनकाटा जे बारकोडचं लेबल छापून देतो त्याची.

हे सॉफ्टवेअर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. प्रोग्राम जे छापतो ते ज्या वाटेने बाहेर पडतं, त्या ‘स्टँडर्ड आउटपुट’च्या जागी मग कोडचा छोटासा तुकडा बसवला. कोणीही काही छापायला गेलं, की ते कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून आलं आणि त्या ओळीला कोणी बोलावलं, हे त्याने लिहून ठेवायचं. (पहिल्या खेपेला ही सगळी यादी तुमच्याच प्रिंटरवर गेली, हातभर कागद फुकट. त्याचीही माफी.) दुसऱ्या चकलीला ओळ सापडली, आणि ती माझ्याच हातची निघाली.

काट्याच्या लेबलवरचा बारकोड 13 अंकी असतो. काही स्कॅनर शेवटचा पडताळणीचा अंक गाळून 12च पाठवतात. ते बघायला मी अंक मोजून छापणारी ओळ टाकली आणि काढायची विसरलो. तुमच्या बिलाखालचा 13 म्हणजे त्या बारकोडच्या अंकांची संख्या. 

ओळ काढली, पण तेवढ्याने भागत नव्हतं. आमचा प्रोग्राम जे काही छापेल ते सरळ प्रिंटरकडे जात होतं, ही खरी चूक. आता प्रिंटरकडे फक्त बिल जातं, बाकीचं लॉग फाइलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या फाइलमध्ये.

‘हिशेबातही घोळ असणार’ हे तुमचं म्हणणं मात्र मान्य नाही. बिल छापून झाल्यावर स्टॉकमधून वजन वजा करताना ती ओळ चालायची, म्हणून आकडा बेरजेच्या खाली यायचा. बेरजेत तो कधीच धरला गेला नाही. हवं तर कुठलंही जुनं बिल कॅल्क्युलेटरवर मोजून बघा.

केबलची पावती पाठवा, पैसे परत करतो. तुमच्या दुसऱ्या काउंटरवर अजून जुनीच आवृत्ती आहे. सोमवारी दुपारी गर्दी नसताना येऊन बदलून जातो.