वांझेचा पुत्र आणि फ्रेगेचा संच

‘या भिंतीवर काहीही लिहू नये’ असं भिंतीवरच लिहिलेलं असतं. मग ते वाक्य स्वतःचाच नियम मोडतं की नाही? बंड्याने हा प्रश्न टाकला आणि कट्ट्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

वकिलाचं मत तयार होतं. “काही मोडत नाही. मालक दुसऱ्यांना सांगतोय. नियम करणारं वाक्य नियमात मोजत नाहीत.”

“‘काहीही’ म्हणजे काहीही ना? मग तेवढंच का सुटलं?”

अण्णांनी आयुष्यभर गणित शिकवलं, पण संस्कृतही त्यांचं चांगलं. ते म्हणाले, “अरे, व्याकरणकार भर्तृहरीने साधारण पंधराशे वर्षांपूर्वी वकिलाचीच बाजू मांडून ठेवलीय. त्याच्या ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात उदाहरण आहे, ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’. मी बोलतो ते सगळं खोटं. आता हे वाक्य खरं धरायचं की खोटं? भर्तृहरी म्हणतो, असं बोलणाऱ्याला ते वाक्य स्वतः त्यात धरायचंच नसतं. तेही खोट्यात धरलं, तर तो जे सांगायला निघाला होता तेच कळेनासं होईल.”

ग्रीकांनाही या कोड्याने छळलं. सगळे क्रेटवासी खोटारडे, असं म्हणणारा एपिमेनिडीस स्वतः क्रेटचाच होता. भर्तृहरी मात्र आधी बोलणाऱ्या माणसाकडे बघतो, त्याला काय म्हणायचंय ते विचारतो. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. आपण रोज एकमेकांचं बोलणं समजून घेतो ते असंच.

“म्हणजे सगळे विरोधाभास असेच सुटतात,” बंड्या म्हणाला. “नीट बोलायला शिका, संपला विषय.”

“फ्रेगेला विचार,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शाळा-कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं.

गोटलोब फ्रेगे जर्मनीतल्या येना इथला गणिताचा प्राध्यापक. सगळं अंकगणित निव्वळ तर्कातून उभं करायचं, हा त्याचा ध्यास. त्यासाठीच लिहिलेल्या ग्रंथाचा दुसरा खंड छापायला गेलेला असताना, 16 जून 1902 ला इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने त्याला पत्र लिहिलं. पत्रात कौतुक होतं आणि एक अडचण. जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सगळ्या संचांचा एक संच करा. तो स्वतःचा घटक आहे का? असेल तर नाही, नसेल तर आहे.

“हे त्या न्हाव्याचंच की,” बंड्या म्हणाला. “गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत त्यांची, आणि फक्त त्यांचीच, न्हावी करतो. मग त्याची कोण करतं?”

“नाही, इथेच फरक आहे. न्हाव्याचं उत्तर सोपं. असा न्हावी कुठल्याच गावात नसतो. फ्रेगेला मात्र ‘असा संच नसतोच’ म्हणायची सोय नव्हती. कुठलीही अट घाला, तिचा संच होतोच, असं त्याच्या पाचव्या नियमातून निघत होतं. म्हणून तो असायलाच हवा होता. म्हणजे गेला तो पाया.”

फ्रेगेने आठवड्याभरात उत्तर धाडलं, हादरल्याचं कबूल केलं आणि 1903 साली निघालेल्या खंडाला पुरवणी जोडून ही अडचण स्वतः छापली. रसेलने नव्वदीत, 1962 साली, या सचोटीबद्दल त्याला मनापासून दाद दिली. मला हा माणूस मोठा वाटतो.

वकील म्हणाला, “ठीक, पण रोजच्या जगण्यात कुणाचं अडतं?”

“दहावीला 35 ला पास, 34 ला नापास,” अण्णा म्हणाले. “ एका गुणाने ढ पोरगा हुशार होतो का? होत नाही. तरी रेघ मारावी लागते. ग्रेस मार्क दिले तरी रेघ फक्त खाली सरकते. किती दाण्यांचा ढीग होतो, हे कोडं ग्रीकांनी घातलं होतं, ते तुमच्या कोर्टात रोज उभं असतं.”

वकील यावर काही बोलला नाही.

ताई इतका वेळ गप्प होती. तिच्या घरात भजनाची परंपरा. ती म्हणाली, “अण्णा, तुमचा विरोधाभास म्हणजे संकट. आमच्याकडे तो गातात.” आणि तिने म्हटलं: ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्याशीं. थोर नवलाव झाला, वांझे पुत्र प्रसवला.’

“त्याचा अर्थ सरळ आहे,” वकील म्हणाला. “मुंगी म्हणजे जीव. कीर्तनात सांगतात.”

इथे मी वादात उतरलो. मुंगी म्हणजे जीव, एवढंच सांगायचं असतं तर मुक्ताईने तेवढंच सांगितलं असतं. वांझेचा मुलगा हा दाखला तिने उगाच घेतलेला नाही. वंध्यापुत्र, सशाचं शिंग, आकाशातलं फूल हे भारतीय दर्शनांतल्या वादविवादातले ठरलेले दाखले. जे कधीच असू शकत नाही, त्याचे. अद्वैत वेदान्ताचा जुना आचार्य गौडपाद, त्याच्या कारिकेत तर स्पष्ट आहे: वंध्यापुत्र खरोखर जन्मत नाही, मायेनेसुद्धा जन्मत नाही. पंडितांची वाट जिथे संपते, नेमकी तीच जागा तेराव्या शतकातली ही मुलगी निवडते आणि सांगते, झाला. तिने कारिका वाचली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. अशक्याचा दाखला म्हणून वांझेचा पुत्र कुणालाही कळत होता.

ताईने मला अडवलं. “तू कीर्तनकारांना कमी लेखू नकोस. माझ्या आईच्या मंडळातल्या बायकांना गौडपाद कोण ते माहीत नव्हतं. ‘मुंगी म्हणजे जीव’ एवढं धरून त्या आत शिरल्या. पण अर्थ कळला म्हणून गाणं थांबवलं नाही त्यांनी.”

ते खरंच होतं. तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही. उडाली, गिळिलें, प्रसवला. मुक्ताई घडून गेलेलं सांगते. गौडपाद नियम सांगतो, ती बातमी देते.

“बातमीला पुरावा लागतो,” वकील म्हणाला.

“शेवटची ओळ ऐक,” ताई म्हणाली. “‘माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हांसली.’ पाहिलं म्हणते ती.”

अण्णांना हे पटेना. “हसता येतं, कारण ती बाहेर उभी राहून बघतेय. फ्रेगेला बाहेर जागाच नव्हती. गणितात नियम लिहिणाराही नियमातच असतो.”

“बाहेर कुठे? स्वतःचं नाव घालून अभंगातच उभी आहे ती. माशीची घार झाली त्याच ओळीत.”

अण्णा म्हणाले, ती नाममुद्रा आहे, सगळे संत घालतात, त्यावरून सिद्ध काहीच होत नाही. मला ताईचं पटतं. फ्रेगे आणि मुक्ताई दोघंही आतच आहेत. त्याला एक नियम सोडावा लागला. हिला काय सोडावं लागलं, ते विचारायला हवं, आणि ‘मुंगी म्हणजे जीव’ म्हणून थांबलं की ते विचारायचं राहून जातं.