फेवरलुबा म्हणायचं की फाव्र-लोबा?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन उरकावं अशी ती नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की मी जुन्या घड्याळांवर एवढं लिहितो पण घड्याळांच्या कंपन्यांची नावं मात्र खेड्यातल्या लोकांसारखी बिघडवून लिहितो, फेवरलुबा काय, टिसॉट काय, सायको सोडून सिको काय, आणि ज्याला नाव धड घेता येत नाही त्याने घड्याळ खरं की खोटं हे लोकांना सांगू नये.

आधी जे बरोबर आहे ते कबूल करतो. टिसॉटमधला शेवटचा ट फ्रेंच लोक बोलत नाहीत, टिसो म्हणतात, लाँजीन्समधला शेवटचा स पण नाही. फेवरलुबा ही स्विस कंपनी, तिचा मूळ फ्रेंच उच्चार फाव्र-लोबा, आणि फाव्र आणि लोबा ही तर चक्क आडनावं आहेत, अब्राहम फाव्रने 1737 मध्ये स्वित्झर्लंडातल्या ल लोक्ल गावात काम सुरू केलं, तिथून त्या कंपनीचा इतिहास धरतात. फाव्रचा शेवट 'व्रत'मधल्या व्र सारखा, फक्त पुढचा अ पूर्ण म्हणायचा नाही. आणि लोबातला लो हा आपला लो नाहीच, ओठ ओ म्हणतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ए म्हणायचं, मग तो आवाज निघतो. मराठीत त्याला अक्षर नाही, त्यामुळे तुमचं लोबा पण जवळपासचंच आहे.

आडनावाचं दुखणं मला नवीन नाही. माझं आडनाव वानखडे. बारावीनंतर शिकायला बाहेर गेलो तर तिथल्या ऑफिसातल्या माणसाने सरळ वानखेडे लिहून टाकलं, मी म्हटलं साहेब ख ला मात्रा नाही, तर म्हणे एकच की ते. एकच कसं असेल? आमच्या अमरावती-अकोल्याकडे कितीतरी घरं वानखडे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. त्या एका मात्रेपायी मार्कशीट एका नावाची आणि बाकी कागद दुसऱ्या नावाचे, किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. म्हणून माणसाचं आडनाव तो माणूस म्हणतो तसंच म्हणावं हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि यापुढे प्रत्येक लेखात सुरुवातीलाच मूळ उच्चार देत जाईन.

पण 'बिघडवून' हा शब्द मला लागला. मागच्या उन्हाळ्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावी लग्नाला गेलो होतो, मांडवात एक आजोबा बसले होते, त्यांना सहज विचारलं, इकडे कोणापाशी जुनी फेवरलुबा असंल का? ते काही न बोलता उठून घरी गेले आणि बिस्किटाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली घडी घेऊन आले. "लग्नातली हाये माह्या. चालत नाही, पण टाकवत बी नाही." सी चीफ मॉडेल, सतरा ज्वेलची म्हणजे आत सतरा बारीक खडे बसवलेली, काचेवर ओरखडेच ओरखडे, चावी दिली तर दोन मिनिटं चालली आणि थांबली. मी तिथे फाव्र-लोबा विचारलं असतं तर आजोबा जागचे हलले नसते. त्यांनी इंग्रजी अक्षरांवरून दुकानदाराने म्हटलं ते नाव ऐकलं आणि आयुष्यभर जपलं. यात बिघडवलं काय?

आमच्याकडे ळ चा य होतो, काळा तो काया, शाळा ती शाया, आजी यवतमाळला यवतमायच म्हणायची. ही चूक नाही, वऱ्हाडीची रीत आहे. उलट इंग्रजांनी त्याच गावाच्या स्पेलिंगमध्ये व ची जागा ओ ला देऊन टाकली आणि ते स्पेलिंग कितीतरी वर्षं चाललं, त्याला कोणी गावंढळ म्हटलं नाही.

आणि सायकोचं म्हणाल तर तेही बरोबर नाही. जपानी लोक से लांबवून सेऽको म्हणतात, म्हणजे माझं सिको चुकलं आणि तुमचं सायकोही. सिटिझन तर मुळात इंग्रजी शब्द, कंपनी जपानी, आणि जपानी माणूस त्याला शिचिझुन म्हणतो. याच सिटिझनच्या मदतीने 1961 मध्ये एचएमटीने बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली. पातेक फिलीप या घड्याळ कंपनीच्या नावातला पातेक मूळचा पोलंडचा, फिलीप फ्रान्सचा, दुकान जिनिव्हात. आता सांगा, कोणत्या गावचा उच्चार पक्का धरायचा?

अक्षराचा काटेकोरपणा लागतो तो डायलवर. तिथे मी एक अक्षर सोडत नाही. जुन्या फेवरलुबाच्या डायली नव्याने रंगवून विकतात, त्यात कुठे स्पेलिंग चुकतं, कुठे दोन शब्दांमधली आडवी रेघ जाते, कुठे अक्षरं जाड होऊन एकमेकांना चिकटतात. भिंग लावलं की दिसतं. खरं-खोटं मी त्यावरून सांगतो, आणि त्यात माझं कुठे चुकलं असेल तर तेवढं नक्की दाखवा, लगेच दुरुस्त करतो.

आजोबांची घडी मी विकत मागितली नाही. परतवाड्याच्या घड्याळजीकडे साफ करायला दिलीय, तेलपाणी झालं की त्यांना नेऊन देणार. त्याआधी फोटो टाकतो, वर फेवरलुबा आणि खाली फाव्र-लोबा.