हवाई अंतर भागिले वेग, एवढ्यावर भागत नाही

प्रवासाच्या वेळेचा अंदाज कसा काढायचा, यावरच्या तुमच्या लेखात ६०० किमी हवाई (म्हणजे सरळ रेषेतल्या) अंतराला विमानाच्या ताशी ८५० किमी वेगाने भागून '४२ मिनिटं' काढलीत, ती प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत. ८५० हा उंचीवर स्थिरावल्यानंतरचा वेग. १० हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किमीची मर्यादा असते. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या. वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट, म्हणजे विमान एका विमानतळाच्या गेटवरून हलल्यापासून दुसऱ्याच्या गेटला लागेपर्यंतची असते, म्हणून भागाकारात निदान अर्धा तास मिळवा. विमानतळावर लवकर पोहोचणं आणि सामानाची वाट पाहणं वेगळंच.

रस्त्याने किती अंतर पडेल हे काढायला हवाई अंतराला साधारण १.२ ते १.४ ने गुणावं. मधे घाट किंवा खाडी असेल तर हाही अंदाज कोलमडतो.

सरासरी वेगात तर हमखास चूक होते. निम्मं अंतर ताशी ८० ने आणि निम्मं ४० ने कापलं तर सरासरी ६० नव्हे, ५३ येते, कारण संथ टप्प्यात वेळ जास्त जातो. त्यामुळे महामार्ग आणि शहरातला रस्ता यांचा वेळ वेगवेगळा काढून मगच बेरीज करा. चहापाण्याचे थांबे त्यात धरायला विसरू नका, गूगलही ते धरत नाही.