अडीच तासांत एकही गाणे नाही

शुक्रवारी रात्री पावणेनऊ वाजता आम्ही दोघे संगीतावरचा एखादा चांगला माहितीपट पाहावा म्हणून टीव्हीसमोर बसलो आणि सव्वाअकरा वाजता तो न पाहताच उठलो. मधल्या वेळात आम्ही सात ट्रेलर पाहिले, दोन वेळा पासवर्ड बदलला, एकदा एकमेकांशी अबोला धरला आणि यजमानांनी दोन डुलक्या काढल्या. एवढ्या वेळात मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ सावकाश पाहून झाला असता आणि तो चांगला की ओढूनताणून लांबवलेला, यावर भांडायलाही वेळ उरला असता. पण तो आमच्याकडे असलेल्या तीनही सेवांवर त्या दिवशी नव्हता. म्हणजे तसा एकीवर होता, परंतु तिथे ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ अशी ओळ झळकत होती. एखादी वस्तू नाही हे सांगण्यासाठी आधी तिचे चित्र दाखवण्याची ही रीत मला अजूनही उमगलेली नाही.

मुळात शोधायचे म्हणजे नाव टंकणे आले. आमच्या रिमोटवर अक्षरे नाहीत; चार बाण आणि मधे एक गोल बटण एवढाच त्याचा संसार आहे. पडद्यावर उमटलेल्या तक्त्यात बाणाने एकेक अक्षर गाठायचे आणि गोल बटण दाबायचे. हवे ते अक्षर हाताशी येते न येते तोच बोट एकदा जास्त पडते, आपण शेजारच्या घरात जाऊन पोहोचतो, आणि खोडण्याचे बटण नेमके तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला असते. या बाबतीत मी दिग्दर्शक डी. ए. पेनबेकर यांची ऋणी आहे. अमेरिकी गायक बॉब डिलन यांच्या १९६५ मधील इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी जो चित्रपट केला, त्याच्या ‘डोंट लुक बॅक’ या इंग्रजी नावातील ‘डोंट’वरचे ते अपॉस्ट्रॉफीचे उडते चिन्ह त्यांनी चक्क गाळून टाकले होते. हा चित्रपट १९६७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा रिमोटने नाव टंकणारे लोक पुढे जन्माला येणार आहेत हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी एक बटण वाचले ते वाचलेच.

नाव ठाऊक नसेल आणि नुसतेच ‘संगीत माहितीपट’ असे शोधावे, तर जे समोर येते त्याला संगीत म्हणता येत नाही आणि माहितीपटही म्हणता येत नाही. आम्हाला पहिल्या ओळीत नृत्यस्पर्धा, गाणाऱ्या प्राण्यांचा ॲनिमेशनपट, एका व्हायोलिनवादक खुन्याची मालिका आणि आठ तासांचा पावसाचा आवाज एवढे पदार्थ मिळाले. ‘सिद्धेश्वरी’ असे टंकले, कारण ठुमरीगायिका सिद्धेश्वरीदेवींवरचा मणी कौल यांचा १९८९ चा चित्रपट कित्येक दिवस पाहायचा राहिला होता, तर यंत्राने भक्तिभावाने आमच्यापुढे पौराणिक मालिकांची रांग उभी केली. दुसऱ्या एका ओळीवर ‘तुम्ही पेंग्विनांवरील मालिका पाहिल्यामुळे’ असे शीर्षक होते आणि तिच्यात एका ड्रमवादकाचे चरित्र होते. त्या दोहोंतला संबंध मी बराच वेळ शोधला. शिवाय या सेवा प्रत्येकाच्या आवडीनुसार पोस्टरही बदलतात. त्यामुळे एकाच माहितीपटाच्या पोस्टरवर माझ्या खात्यात रडणारी बाई होती, तर यजमानांच्या खात्यात मोटारगाडी. पुढे तो आम्ही पाहिला, तेव्हा बाई आणि मोटारगाडी मिळून जेमतेम अर्धा मिनिट दिसली. उरलेल्या वेळात एक गृहस्थ ध्वनिमुद्रण कंपनीशी झालेला करार समजावून सांगत होते.

त्या शुक्रवारचा कळस मात्र ‘गिमी शेल्टर’ने गाठला. मला हवा होता तो मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा १९७० चा चित्रपट. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा अमेरिका दौरा आणि त्याच्या शेवटी डिसेंबर १९६९ मध्ये अल्टामाँट येथे झालेली, एका तरुणाचा बळी घेणारी ती भीषण मैफल त्यात आहे. नाव जुळले, मी गोल बटण दाबले आणि आम्ही सावरून बसलो. पडद्यावर घरातून पळून निघालेली एक किशोरवयीन मुलगी आली. मी यजमानांना समजावले की जुन्या दिग्दर्शकांची पद्धतच अशी असते, ते थेट वाद्यांवर येत नाहीत, आधी तो काळ उभा करतात, आणि ही मुलगी बहुधा मैफलीला निघाली असावी. पाच मिनिटांनी ती टॅक्सीत बसलेली दिसली. पंधराव्या मिनिटाला यजमान म्हणाले, “अगं, हिला गाता तरी येते का?” विसाव्या मिनिटाला मी माहितीचे बटण दाबून पाहिले, तेव्हा कळले की हा त्याच नावाचा २०१३ चा कथापट आहे आणि त्यातली मुलगी गरोदर आणि बेघर आहे, पण तिचा रोलिंग स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांच्याशी काहीही संबंध नाही. यजमानांनी एवढेच विचारले की, १९६९ सालच्या मैफलीला निघालेल्या मुलीच्या आसपासच्या मोटारी इतक्या नव्या कशा, ही शंका तुला आली नाही का. अबोला धरला तो इथे.

बरे, योग्य तो माहितीपट सापडला म्हणजे तो चांगला असेलच असे नाही. हल्ली निम्म्याहून अधिक संगीतपटांत एक भिंत असते, तिच्यावर पाच-सहा गिटारी टांगलेल्या असतात आणि तिच्यापुढे बसलेला माणूस सांगतो, की त्या गाण्याने सगळे काही बदलून टाकले. मग दुसरा माणूस दुसऱ्या भिंतीपुढे तेच सांगतो. ते गाणे मात्र चार सेकंद वाजते. याचे कारण हिशेबी आहे: चित्रपटात गाणे वाजवायचे तर त्या रचनेची एक परवानगी आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची दुसरी अशा दोन परवानग्या लागतात, दोन्हींना पैसे पडतात, आणि भिंतीपुढच्या माणसाचे बोलणे त्या मानाने स्वस्त असते. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे कलावंतालाच निर्माता करून घेणे. मग गाणी भरपूर मिळतात, पण कलावंताच्या हातून आयुष्यात एकही चूक घडत नाही. फार तर यश मिळाल्यावर तो थोडा एकटा पडतो आणि समुद्राकडे पाहत उभा राहतो.

यावर मी माझ्यापुरते दोन नियम केले आहेत. पहिल्या दहा मिनिटांत एखादे गाणे निदान अर्धा मिनिट अखंड ऐकू आले पाहिजे, हा पहिला. ज्या माहितीपटावर कलावंताच्या घरचे कुणी नाराज झाले असेल, तो आधी पाहावा, हा दुसरा. आसिफ कपाडिया यांनी २०१५ मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांच्यावर केलेला ‘एमी’ या दुसऱ्या नियमात चपखल बसतो, कारण एमीच्या वडिलांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. कपाडिया यांनी भिंत आणि गिटारी दोन्ही गाळल्या आहेत. बोलणाऱ्यांचे फक्त आवाज ऐकू येतात आणि पडद्यावर तिचीच जुनी चित्रणे राहतात. मॉर्गन नेव्हिल यांच्या २०१३ च्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’मध्ये लोक समोर बसून बोलतात हे खरे, पण त्यात मेरी क्लेटन या साथीच्या गायिकेने रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’ याच नावाच्या गाण्यात लावलेला सूर बाकी सारी वाद्ये बंद करून ऐकवला आहे. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि त्यांना रात्री झोपेतून उठवून, केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत ध्वनिमुद्रणाला बोलावले होते. (गरोदर बाई आणि ‘गिमी शेल्टर’ यांचा काही संबंध आहे, हे माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, एवढे इथे नोंदवून ठेवते.)

चांगल्या माहितीपटातही फसगत होऊ शकते, ती अशी. स्कॉर्सेसी यांनीच २०१९ मध्ये डिलन यांच्या १९७५ च्या ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ या दौऱ्यावर चित्रपट केला. त्यात अभिनेत्री शॅरन स्टोन सांगतात, की तरुणपणी आपण त्या दौऱ्यात कशा सामील झालो. ही हकिकत मला इतकी आवडली, की घरच्या एका समारंभात मी ती साग्रसंगीत सांगितली, डिलन यांच्या आवाजाच्या नकलेसह. माझे बोलणे संपेपर्यंत थांबून धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, ती हकिकत बनावट आहे. तो दौऱ्याचे चित्रीकरण केलेला दिग्दर्शक म्हणून जो माणूस दाखवला आहे ना, तोही नट आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तेव्हापासून एखादा म्हातारा वादक डोळ्यांत पाणी आणून काही सांगू लागला, की मी आधी फोनवर त्याचे नाव तपासते आणि तोवर त्याच्या डोळ्यांतले पाणी आटलेले असते.

लांबी हा आणखी एक प्रश्न. केन बर्न्स यांची २००१ ची ‘जॅझ’ ही मालिका दहा भागांची, सुमारे एकोणीस तासांची आहे, आणि एवढे करूनही १९६१ नंतरचा सगळा जॅझ त्यांनी शेवटच्या एका भागात कोंबला आहे. लांबलचक पत्र लिहिणाऱ्याची शेवटच्या कार्डावर जशी अवस्था होते, तशी. पीटर जॅक्सन यांची ‘गेट बॅक’ ही तीन भागांची मालिका जवळजवळ आठ तासांची आहे, आणि तिच्याबद्दल मात्र मी एक शब्दही ऐकून घेणार नाही. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचे जे सुमारे साठ तासांचे चित्रण झाले होते, त्यातून ती काढलेली आहे. त्यात एका सकाळी पॉल मॅकार्टनी आपली बास गिटार साध्या गिटारीसारखी छेडत बसतात आणि शब्दांऐवजी काहीबाही पुटपुटतात. समोर जॉर्ज हॅरिसन जांभई देतात. आमच्याकडे यजमानांनी तिला साथ दिली. पडद्यावर पुटपुटण्याला हळूहळू चाल आली, चालीत दोन शब्द अडकले, आणि काही नव्हते तिथे ‘गेट बॅक’ हे गाणे उभे राहू लागले. माझ्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी यजमान जागे झाले, क्षणभर ऐकून म्हणाले, “हे तर जुनेच गाणे आहे,” आणि कूस बदलून पुन्हा झोपले.

पाहायच्या म्हणून मी एक यादी करून ठेवली आहे, आणि तिच्यात त्रेचाळीस नावे आहेत, किंवा होती. सेवेने घेतलेल्या प्रदर्शनाच्या हक्कांची मुदत संपते तसे एकेक नाव कसलाही निरोप न घेता यादीतून नाहीसे होते. हे मनाला लावून घेऊ नये असे मी स्वतःला सांगते, कारण या प्रकारातली उत्तम चित्रणे मुळातच अज्ञातवासातून आलेली आहेत. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या संगीतमहोत्सवाचे सुमारे चाळीस तासांचे चित्रण जवळजवळ पन्नास वर्षे तळघरात पडून होते. त्यातून क्वेस्टलव्ह यांनी २०२१ मध्ये ‘समर ऑफ सोल’ केला, तेव्हा कुठे एकोणीस वर्षांचे गायक स्टीव्ही वंडर ड्रमवर तुटून पडलेले जगाला दिसले. अमेरिकी गायिका ॲरेथा फ्रँकलिन यांच्यावरील ‘अमेझिंग ग्रेस’ या चित्रपटाची कथा तर त्याहून मासलेवाईक आहे. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री त्या गायल्या, सिडनी पोलॅक यांनी ते चित्रित केले, पण प्रत्येक चित्रणाच्या आरंभी क्लॅपबोर्ड वाजवायचा राहून गेला. त्यामुळे कुठले ओठ कुठल्या सुराचे, हे जुळेना. बरोबर नेलेले सगळे सामान महागाचे आणि राहिली ती एक लाकडी पट्टी! पुढे तंत्राने ओठ आणि सूर जुळले, तर खुद्द ॲरेथाबाईंनी न्यायालयात जाऊन प्रदर्शन अडवले. चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

पुढच्या शुक्रवारी यादी उघडली, तेव्हा याच चित्रपटाच्या पोस्टरवर ‘आज शेवटचा दिवस’ अशी पट्टी होती. या वेळी मी कुणाचे मत विचारले नाही आणि ट्रेलरही पाहिला नाही. गोल बटण दाबले. मी आवाज वाढवला आणि यजमानांनी आपण होऊन दिवा मालवला. दुसऱ्या रात्रीच्या भागात ॲरेथा पियानोवर बसून गात असतात, चेहरा घामाने निथळत असतो, आणि त्यांचे वडील उठून पुढे येतात आणि रुमालाने मुलीचा चेहरा टिपतात; तिचे गाणे थांबत नाही आणि त्यांनाही ते थांबवायचे नसते. मी शेजारी पाहिले. यजमान टक्क जागे होते. थोड्या वेळाने त्यांनीच पडद्याकडे बोट केले, कारण चर्चच्या मागच्या बाजूला, श्रोत्यांत उभे असलेले, मिक जॅगर दिसत होते. गेल्या शुक्रवारी ज्यांची आम्ही वीस मिनिटे वाट पाहिली होती, ते अखेर असे भेटले.

चित्रपट संपला आणि नामावली सुरू झाली. मागच्या समूहातल्या एका गायकाचे नाव मला वाचायचे होते. एवढ्यात सगळी नामावली आकसून पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली, कोपऱ्यात गेली, आणि उरलेल्या पडद्यावर पाच, चार, तीन असे आकडे पडू लागले. रिमोट उशीखाली होता. तो मिळेपर्यंत दोन झाले, मी घाईने बाण दाबला, मग गोल बटण दाबले, आणि नामावलीऐवजी ‘पाहणे सुरू ठेवा’ ही ओळ उघडली. तिच्यात अगदी पहिल्या चौकटीत घरातून पळालेली ती मुलगी होती, आणि तिच्या पायाशी वीस मिनिटांची बारीक लाल रेघ.

यजमानांनी जरा वेळ तिच्याकडे पाहिले आणि उशी पाठीशी सरकवत म्हणाले, “लाव. तिला घर मिळते की नाही, ते तरी कळू दे.”