पाणी नेमकं कुठे मुरतंय?

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात बसवायचं छोटं घर, म्हणजे ट्रक कॅम्पर, घ्यायचं कुणी मनावर घेतलं की एक मजकूर त्याच्यापर्यंत हमखास पोचतो. गेल्या आठवड्यात तो आमच्या ग्रुपवरही आला. गोषवारा असा: ट्रक, म्हणजे पिकअप, 60 हजार डॉलरचा, कॅम्परही 60 हजारांचा. पण ट्रक वीस वर्षं बिनघोर पळतो आणि कॅम्पर दोन वर्षांत गळतो, कारण कॅम्परवाले लुबाडतात. फोर्ड किंवा जीएम (जनरल मोटर्स) अशा बड्या मोटार कंपनीने कॅम्पर बनवला तर प्रश्नच मिटेल. तोवर घ्यायचाच तर फायबरग्लासचा घ्या, तो गळत नाही.

माझाही जुना कॅम्पर गळलाय. गादीखालच्या कोपऱ्यातलं प्लायवूड मी भिजवलेल्या पोह्यांसारखं मुठीने काढलंय, तेव्हा कॅम्परवाल्यांची वकिली करायची मला हौस नाही. तरी हा मजकूर चुकीच्या जागी बोट ठेवतो.

आधी "किंमत सारखी, मग दर्जा का नाही?" हे बघू. फोर्डच्या एफ-सीरिजचे ट्रक एकट्या अमेरिकेत वर्षाला 7 लाखांहून जास्त खपतात. पत्रा दाबायचे साचे, वेल्डिंगचे रोबो, चाचण्यांसाठी मुद्दाम ठोकून मोडलेल्या गाड्या, हा सगळा खर्च त्या लाखांवर वाटला जातो. ट्रकचा दर्जा म्हणजे लाखो गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून घेतलेली वस्तू. ट्रक कॅम्पर सगळ्या कंपन्यांचे मिळून वर्षाला काही हजारच बनतात. तिथे माणसं हातात स्क्रूगन घेऊन भिंती जोडतात, वायरी ओढतात, फ्रीज, शेगडी, हीटर, पाण्याची टाकी आणि संडास एका खोलीत कोंबतात. त्या 60 हजारांत मजुरी किती आणि साच्यांचा खर्च किती, याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मजकूर लिहिणारा धरून चालतो की ट्रक आणि कॅम्पर एकच काम करतात. पिकअपची केबिन आणि हौदा यांच्यामध्ये बोटभर फट असते, ती कधी नीट बघितलीत? खडबडीत रस्त्यावर चेसिस पिळवटते, म्हणून दोन्ही भाग वेगळे ठेवलेत, ते आपापले हलतात. हौद्यात पाणी साचलं तर खाली भोकं आहेतच. थोडक्यात, ट्रकने पाणी अडवायची जबाबदारी फक्त केबिनपुरती घेतलीय. आता कॅम्पर बघा. तो त्याच पिळवटणाऱ्या हौद्याला चार ठिकाणी आवळून बांधलेला, वर त्याचा झोपायचा भाग केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला, समोरून ताशी 65 मैलांचा वारा. आणि भोकं? खिडक्या, छताच्या झडपा, फ्रीजची जाळी, हीटरचं धुराडं, पाणी भरायचं तोंड, विजेचं कनेक्शन. असं घर रोज भूकंपात ठेवल्यावर सांधे उघडणारच. गंमत म्हणजे केबिनमागचा तिसरा ब्रेक लाइट गळून छताचं कापड भिजल्याची रड बऱ्याच पिकअपवाल्यांची आहे. एका दिव्याच्या भोकाला हे, तर डझनभर भोकांना काय?

आपल्या एसटीचं उदाहरण बसतं. चेसिस टाटा किंवा अशोक लेलँडच्या कारखान्यातून यायची आणि वरचा सांगाडा दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळेत चढायचा. जुलैत खिडकीशेजारच्या सीटवर मांडीवर पाणी ठिबकलं तेव्हा आपण इंजिनाशी तुलना केली नाही.

"ट्रक वीस वर्षं बिनघोर." हे आठवणीच्या जोरावरचं वाक्य आहे. एप्रिल 2025 मध्ये जीएमने 6.2 लिटर व्ही-8 इंजिनातल्या दोषापायी अमेरिकेत 6 लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्यात पिकअपही होते. फरक एवढाच की ट्रकचं ऑइल आपण तारीख बघून बदलतो आणि कॅम्परच्या छतावर शिडी लावून कुणी चढत नाही. सांध्यांत भरलेलं सीलंट उन्हाने तडकतं. वर्षातून दोनदा बघून, तडकलं असेल तिथे खरवडून नवं भरावं लागतं.

मोठ्या कंपनीने बनवला तर? जीएमने 1973 ते 1978 या काळात जीएमसी मोटरहोम बनवली होती. ते ट्रक कॅम्पर नव्हतं, चाकांसकट अख्खी गाडी होती आणि उत्तम होती. तिची माया अजून जपणारे लोक आहेत. साधारण 13 हजार गाड्यांनंतर कंपनीने हात झटकले. मोठ्या कारखान्याला लाखांत खपणारी वस्तू लागते.

फायबरग्लासबद्दल मजकूर अर्धा खरा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या नॉर्दर्न लाइट आणि बिगफूट या कंपन्यांचे कॅम्पर दोन मोठ्या कवचांचे असतात, त्यामुळे सांधे कमी. पण खिडकी तिथेही कापूनच बसवतात. वर वजनही बघावं लागतं. दारावरच्या स्टिकरवर तुमच्या ट्रकची भार वाहायची मर्यादा छापलेली असते, ती न वाचता घेणारे महाभाग मी पाहिलेत.

मग तक्रार कुणाकडे? आहे ना, कॅम्परवाल्यांकडेच आहे. वजन आणि गुरुत्वमध्याची माहिती द्यायची सक्ती कायद्याने आहे, पाणी आत येऊ नये याची नाही. सीलंट घाईत फासलेलं, काठाच्या पट्टीतून स्क्रू सरळ लाकडात, बऱ्याचदा हमी एका वर्षाची आणि दुरुस्तीला महिनोन्महिने रांग. हे महागड्या साच्यांविना सुधारता येतं, आणि भांडायचं ते यावर.

जुना कॅम्पर बघायला गेलो की मी आता फ्रीज उघडत नाही. वर चढतो, गादी उचलतो आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठा दाबतो. रुतला की खाली उतरून चहाला थांबत नाही.