तोच 'ग्रेटेस्ट हिट्स', तिसऱ्यांदा

माझ्याकडे तात्सुरो यामाशिता या जपानी गायकाचा 'ग्रेटेस्ट हिट्स!' हा निवडक गाण्यांचा अल्बम तीन रूपांत आहे. १९८२ ची जुनी एलपी, नव्वदच्या दशकातली सीडी आणि २०२३ मध्ये नव्याने निघालेली एलपी. परवा घरी आलेल्या मित्राने तिन्ही शेजारी शेजारी पाहिल्या आणि विचारलं, "तीच गाणी तीनदा कशाला रे?" तेवढ्यात चहा आला, विषय बदलला. उत्तर माझ्याकडेच राहिलं. ते इथे लिहितोय.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: मध्यरात्री यूट्यूबने तुमच्यापुढे कधीतरी 'प्लास्टिक लव्ह' आणलं असेल. गायिका मारिया ताकेउची. गाणं तिनेच लिहिलेलं, पण संयोजन आणि निर्मिती तिच्या नवऱ्याची. तो हा तात्सुरो. जन्म १९५३ चा, टोकियोचा. आधी 'शुगर बेब' नावाचा बँड, १९७५ ला त्यांचा एकुलता एक अल्बम, बँड फुटला, आणि १९७६ ला एकट्याचा पहिला अल्बम 'सर्कस टाउन', तोही थेट न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला जाऊन केलेला. तेवीस वर्षांचा होता तेव्हा!

तरी नाव व्हायला १९८० उजाडलं. मी जपानमध्ये नोकरीला होतो तेव्हा कावासाकी शहरातल्या ऑफिसात माझे कचो-सान, म्हणजे विभागाचे साहेब, पन्नाशी ओलांडलेले होते. एका उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर बिअर पिताना त्यांनी मला मॅक्सेल कॅसेटची १९८० ची जाहिरात हातवारे करून दाखवली होती. लांब केसांचा तात्सुरो समुद्रात उभा, बोट आपल्यावर रोखलेलं, मागे त्याचंच गाणं 'राइड ऑन टाइम'. तोवर ओळखीच्या चार जणांतच ऐकला जाणारा माणूस एकदम सगळ्या जपानचा झाला. तिथे म्हणच पडली, 'नात्सु दा, उमी दा, तात्सुरो दा'. उन्हाळा आला, समुद्र आला, तात्सुरो आला.

'ग्रेटेस्ट हिट्स!' बाजारात आला १९८२ च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्याच सुमाराला तात्सुरो जुनी कंपनी सोडून 'मून' या नव्या लेबलकडे निघाला होता. कलाकार निघाला की मागे राहिलेली कंपनी एक निवडक गाण्यांचा अल्बम काढते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्यामुळे हातात घेताना मला फार अपेक्षा नव्हती. पण सुई टेकली आणि पहिलंच गाणं लागलं 'लव्हलँड, आयलँड'. तोवर हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे त्या एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, निघालेलंच नव्हतं! ते सिंगल झालं थेट २००२ मध्ये, वीस वर्षांनी. 'राइड ऑन टाइम'सारखं हुकमी पान हातात असताना हे गाणं पुढे ठेवलंय. सहा वर्षांच्या गाण्यांकडे पाहायची एक दिशा त्या निवडीत आहे, आणि मला ती पटते.

याच अल्बममधल्या 'बॉम्बर'चंही तसंच. कंपनीच्या योजनेमुळे नव्हे, ओसाकाच्या डिस्कोंमध्ये लोक नाचले म्हणून हे गाणं वर आलं. त्यातली बेस गिटार ऐका. इयरफोनवर नको, मोठ्या स्पीकरवर ऐका.

आता मित्राचा मुद्दा. पुन्हा पुन्हा काढलेल्या आवृत्त्या म्हणजे जुन्या चाहत्याचा खिसा कापणं, असं त्याचं म्हणणं. पुष्कळदा ते खरंही असतं. नवं कव्हर, एक पोस्टर, आणि घ्या. तात्सुरोच्या बाबतीत मला ते मान्य नाही. हा माणूस स्वतःच्या जुन्या टेप्सपाशी परत परत जाऊन बसतो. २००२ मध्ये जुन्या कंपनीतले सात अल्बम नव्याने मास्टर होऊन, म्हणजे जुन्या टेप्सवरून आवाज पुन्हा नीट बसवून, आले तेव्हा सोबतची टिपणं त्याने स्वतः लिहिली. २०१२ चा 'ओपस' घ्या. शुगर बेबपासून तेव्हापर्यंतची ४९ गाणी, तीन सीडी. त्यातून त्याची पूर्ण वाट दिसते. या आवृत्त्या वाचायलाही मिळतात. ड्रम्सवर जुन आओयामा, बेसवर कोकी इतो, हे मला तिथल्या पुस्तिकांतून कळलं. आपल्याकडच्या 'निवडक भावगीतं' कॅसेटी मी शेकड्याने ऐकल्या. गायक, कवी, संगीतकार एवढी नावं असायची. व्हायोलिन कोणी वाजवलं, संयोजन कोणाचं, हे आतल्या कागदावर क्वचितच सापडायचं. ती खंत मला आजही आहे.

आणि दुसरं कारण त्याहून मोठं. ही गाणी स्ट्रीमिंगवर नाहीत. मरेपर्यंत बहुधा देणार नाही, असं तात्सुरोने २०२२ मध्ये मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे नवी आवृत्ती निघाली नाही तर उरतं काय? जुन्या दुकानातली चाळीस वर्षांपूर्वीची प्रत, जिची किंमत परदेशी गिऱ्हाइकांमुळे वाढतच चाललीय, किंवा कोणीतरी चोरून चढवलेली फाइल. मे ते सप्टेंबर २०२३ या काळात आठ अल्बम १८० ग्रॅमच्या एलपीवर आणि कॅसेटवरही आले, त्यात हा होता. त्या दिवसांत मला वाटलं की विशीतल्या पोरांना आता ही गाणी रीतसर ऐकता येतील.

त्याचा स्ट्रीमिंगला नकार मला समजतो. त्याबद्दल आदर आहे. पण पुण्यात जपानी शिकणारी माझी भाची जेव्हा विचारते, "मामा, मी हे ऐकू कुठे?", तेव्हा माझ्याकडे द्यायला रस्ता नसतो. जपानहून एक एलपी मागवायची तर टपाल आणि कस्टम धरून विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं काम. नव्या आवृत्त्या हव्यातच, पण जपानच्या बाहेर पोहोचतील अशा हव्यात. ज्या भाषेवर मुलं एवढी मेहनत घेतात, त्या भाषेतलं इतकं चांगलं गाणं त्यांना चोरूनच ऐकावं लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिन्हींत फरक आहे का? माझ्या कानांना आहे. सीडी स्वच्छ, थोडी कोरडी. नव्या एलपीत ड्रम्स भरीव येतात. जुनीत खरखर आहे, आणि 'राइड ऑन टाइम'ला एके ठिकाणी सुई अडखळते. तिथे पूर्वीच्या मालकाने बहुतेक घाईने सुई ठेवली असावी. ती प्रत मी विकणार नाही.

भाची येत्या रविवारी येतेय. तिला आधी नवी एलपी ऐकवणार. डिसेंबरात कोणी टोकियोला जाणार असेल तर सांगा, 'सर्कस टाउन'ची कॅसेट तिच्यासाठी हवी आहे. तिच्या आजोबांचा टेप अजून चालतो.